मशीन चालू हाय तवर

न्हाई, बोरीची गाडी आत्ता न्हाई — आन् असली तरी तुमाला कशाला पायजे? तुमचा भाऊ आत मशीनवर हाय, रक्त धुयाला लावलंय त्याचं, आन् तुमी मला गाडीचा टाइम इचारायलाव? सहज म्हनं, सहज! सहज कोनी पिशवी अशी मांडीवर घट्ट धरून बसतं का — खाली ठिवा की, जागा हाय — न्हाई? बरं, ऱ्हाऊ द्या. मी आपला बगायलोय मघापासून. वार्डाच्या दाराकडं एक नजर, फाटकाकडं दोन. मी कोन म्हंजी? सिद्धोधन, ताडकळसचा. न्हाई वो, दलाल न्हाई! कोन बोललं तुमाला, त्या चहावाल्यानं? कोनीच न्हाई? मग तुमच्याच मनात आलं. येतंच. ह्यो कोनाचा सोयरा ना धायरा, रोज हितं येऊन बसतो, ह्याला पांघरून घाल, त्याचे पाय दाब, कायतरी खात असल — असंच ना? हा हात बगा. ही फुगलेली शीर दिसायली? लावा की बोट, भितायलाव कामून — झनझन करती का न्हाई? हितंच सुया टोचतेत. मीबी मशीनवरचाच हाय. एक दिवसाआड माझ्या सोताच्या जिवासाठी येतो, आन् मधल्या दिवशी ह्या लोकांसाठी.

चहा नको, तुमी घ्या. आमाला पानी मापात — परभनीचं ऊन डोक्यावर आन् घोटभर पानी, लिंबाची फोड चोखत दिवस काढायचा. दुकान होतं माझं, मोटारसायकली दुरुस्त करायचो. आता पाना धरला की हाताला कापरं भरतंय. घर बायको चालवती, दुसऱ्याच्या रानात जाऊन. मग असला मानूस घरी पडायचं सोडून हितं कशाला मरायला येतो — हेच इचारायचंय ना तुमाला? तिलाबी तोच शक आला होता. हासू नका, खरं सांगायलोय! बायकोला, संघप्रियाला वाटलं, ह्या बाबानं परभनीत दुसरं घर केलं. मशीनचा दिवस नसताना, दाढी करून, धुतलेला शर्ट घालून एसटीत बसतो म्हंजी काय! एक दिवस मागच्या गाडीनं आली माझ्या पाठीमागं. आन् दारातून बगती तर मी झरीच्या गीताबाईचे पाय दाबायलोय — म्हातारी, तोंडात दात न्हाई. संघप्रिया दारातूनच वळली. तशीच माघारी गेली. पर दुसऱ्या खेपंला डब्यात दोन भाकरी जास्तीच्या निघाल्या.

पर तुमी मधीच उठायलाव कामून? बसा. मशीन चालू हाय तवर बसावं लागतं. दत्ता ना त्याचं नाव? धाकटा? हां — आत नेताना त्यानं तुमची बाही धरली होती, तुमी सोडवून घेतली. मी पाह्यलं. मला समदं दिसतंय. कोन बसनार हाय आन् कोन पानाची पिचकारी मारून येतो म्हनून पुन्यापर्यंत जानार हाय, मला मानूस बसल्याबरोबर कळतंय. मला? न्हाई, मला भाऊ न्हाई. — न्हाई म्हंजी, हाय. जिवंत हाय. पंडित. त्याचं काय काढायलाव तुमी? मी कुठं त्याचं नाव घेतलं?

ह्याच बाकड्यावर बसला होता. तुमी बसलाव तितंच. त्याच्या आधी घरी समद्या भावकीसमोर छाती ठोकून बोलला होता — माझी किडनी घ्या, सिद्धूच्या जिवापुढं काय हाय! बायका रडल्या वो. आईनं त्याच्या तोंडावरून हात फिरवला. ठरलं काय, तर माझी मशीन झाली की दोघं मिळून संभाजीनगरला तपासनीला जायचं. मी आत पडलेला, आन् सिस्टरला घडी घडी इचारायलोय, भाऊ हाय का बाहेर? हायत की, बसलेत. परत इचारलं. बसलेत. भली बाई, मशीन उतरंपर्यंत खोटं बोलली. बाहेर येऊन बगतो तर बाकडं रिकामं. भ्याला असल. भ्यावं की, पोटाला चिरा द्यायचा म्हंजी गंमत हाय का — न्हाई म्हनला असता तर मी काय पाय धरनार होतो? पर सांगून जावं ना मानसानं! ... तुमी माझ्याकडं असं बगू नका. मी रडायलो न्हाई.

मग मी यायचंच बंद केलं. म्हनलं, मरू दे. तोंड सुजलं, पाय सुजले, धाप लागायली. संघप्रियानं उचलून आनलं मला. त्या दिवशी बाजूच्या खाटंवर ही गीताबाई, एकटी, पायात गोळे आलेले, वरडायली — कोनी हाय का, अरे कोनी हाय का! सिस्टर दुसऱ्या पेशंटला लागलेली. माझी मशीन झाली होती, मी आपला भिताड धरून दाराकडं चाललो, तर म्हातारी म्हनती, बाबा, जरा बस रं. बसलो. पाय दाबले. तिला झोप लागंपर्यंत उठलो न्हाई. आन् घरी गेलो तर — सांगून खरं वाटनार न्हाई — मला भूक लागली. लय दिवसांनी. भाकरी मागून खाल्ली, आन् झोपताना ध्यानात आलं, आज पंडितची याद आलीच न्हाई. एवढंच. फुकट न्हाई करत मी, तुमचा शक बराबर हाय. मला त्याच्यातून कायतरी भेटतंय. गीताबाई आखाडात गेली, पर मी यायचं सोडलं न्हाई. मशीनवर मी पेशंट असतो, वळकटी टाकल्यावानी पडलेला. मधल्या दिवशी मी कोनाचा तरी मानूस असतो.

ऐकलंव? सिस्टरनं हाक मारली — दत्ताचं कोन हाय? उठा. उठायलाव, पर पिशवी घेऊन उठायलाव... वाटलंच मला. जावा. फाटक त्या अंगाला. मी सांगतो त्याला, चहा प्यायला गेलेत म्हनून. लय जनांसाठी बोललो हाय मी तसं, एक तुमच्यासाठी बोलंन — अवो, तिकडं कुठं? ते वार्डाचं दार हाय! ... आत जायलाव?

... चपला काढा. चपला बाहेर काढतेत. मानेत नळी हाय त्याच्या, तिकडं हात लावू नका. पायाकडून खाट धरून जावा, आन् हात धरा त्याचा, जरा दाबून धरा, थंडी वाजत असती. आन् वळून वळून माझ्याकडं काय बगायलाव? मी कोन हाय तुमचा? जावा की आत!