वडवणीपाशीच संपणारं पेट्रोल

—न्हाई, ढकलत न्हाई आणली, चालवत आणली. आमचं गाव वडवणीच्या रस्त्याला, तिथून थेट तुमच्या मांजरसुंब्यापतूर. बाई मोटारसायकल चालवती म्हणून बघायलात का? भावानं शिकवलीय. गावात मिस्त्री न्हाई का म्हणता — हाय की, पण तो आमच्या ह्यांचा दोस्त, मी दुकानात पोचायच्या आधी त्यांना फोन पोचल. म्हणून इतक्या लांब आले. तुमाला एवढंच बघायचंय भाऊ, की पेट्रोलचा काटा खराब हाय का चांगला. हे म्हणतेत खराब हाय — टाकी अर्धी दावतो आन गाडी मधीच बंद पडती म्हणे. पडत आसल. मी कुठं न्हाई म्हणते?

पण कुठं बंद पडती, ते इचारा की. हे माजलगावला आडतीवर कामाला — यायचा रस्ता लांब, मधी इतकी गावं, आन गाडी बंद पडती ती वडवणीच्या स्टँडपाशीच. तिथंच कावून? तिथं रोहिणीचं चहाचं हाटेल हाय म्हणून. रोहिणी म्हणजे ह्यांची पहिली. लेकरू व्हईना म्हणून घरच्यांनी फारकत घ्यायला लावली, मग मला आणलं. मला दोन पोरी हायत — तरी पेट्रोल तिथंच संपतंय. मग म्हणतेत, गाडी पंपापतूर ढकलत नेली — आन सदऱ्याला घाम न्हाई. जेवायला बसले की आर्धी भाकर. भूक मेली म्हणतेत. मेली का भागली, मला कळत न्हाई व्हय?

हां, काढा टाकी, मी धरते — लग्नाच्या पहिल्याच सालात हे मला म्हणले, जवस आजून जरा भाजत जा, चटणी खमंग व्हती. तवा हासले मी. मागून ध्यानात आलं, जास्त कोण भाजत व्हतं ते. तवापासून जवस कच्चाच ठेवते, मुद्दाम. खातेत गप, बोलत न्हाईत कायी. ते न बोलणं लई वाईट, भाऊ. जळते मी, सरळ सांगते, तव्यावरच्या जवसावानी तडतडते.

एकदा गेलते तिला बघायला — कुणाला न सांगता, एसटीनं. म्हणलं नटवी आसल, चार शब्द सुनवावं आन यावं. तर तिनं मला वळखलंच न्हाई. उन्हाची आलीस, बस म्हणली. धाकटी कडंवर व्हती माझ्या, तिला बशीत दूध दिलं — फुंकून दिलं हो, पोळू नये म्हणून. माझ्या लेकराला. वाईट आसती तर बरं झालं आसतं. भांडता तरी आलं आसतं.

हाच का फ्लोट? एवढासा? ह्यो पेट्रोलवर तरंगतो, आन तो वरखाली झाला की काटा हालतो — बराबर? कळलं. तुमी तिकडं खाली बसून हातानं उचलणार, मी चावी लावून काटा बघायचा. हालला तर चांगला, न्हाई हालला तर खराब. खराब निघाला तर ह्यांचं समदं खरं, मी गप बसते. आन चांगला निघाला तर पोरी घेऊन माहेरी — पक्कं करून आलेय, पिशवी भरून ठेवलीय दाराआड. ह्यांना तोंडावर सांगणार, की काट्याला कायी झालं न्हाई, तुमालाच झालंय.

लावली चावी. उचला. हां — हालला. चढायलाय की, वरपतूर —

काय म्हणलात? न्हाई. न्हाई हालला म्हणले मी. हाय तिथंच हाय. परत कशाला उचलता, मी बघितलं ना डोळ्यानं. तुमी कावून उठायलात, भाऊ? बसा. चावी काढली मी, ही काय, मुठीत हाय माझ्या. न्हाई, नवा बसवू नका. खराब तर खराब, ऱ्हाऊ द्या. सांगते ह्यांना घरी, की तुमी म्हणत व्हते तसंच निघालं.

तसं बघू नका माझ्याकडं. टाकी लावा. पोरी शाळंतून यायच्या आत पिशवी रिकामी करायचीय मला.