बाबा सीट दोनदा दाबतात

...आणि वर मलाच विचारतात, "अहो, गुडघे का चोळताय?" का चोळतोय! तीन दिवस उकिडवा बसलोय मी, तुम्हाला सांगतो, तीन दिवस, पन्नाशीतला माणूस, एका जुन्या मोटरसायकलच्या मागच्या चाकाशी तोंड करून... आणि कशासाठी? तर बाबा सीट दोनदा दाबतात म्हणून. बस्स. दोनदा.

म्हणजे कसं, आमच्या बाबांची ही सवय मी कळायला लागल्यापासून बघतोय. गाडीजवळ जायचं, सीटवर तळहात ठेवायचा आणि दाबायचं. गाडी खाली बसली, वर आली, परत बसली, परत वर आली, की मान हलवायची आणि मग खिशातून किल्ली. लग्नाला जायचं असो नाहीतर दवाखान्यात, आधी दोन दाब. आई सांगायची, माझ्या वेळी तिला कळा सुरू झाल्या तेव्हासुद्धा या माणसाने आधी सीट दोनदा दाबली आणि मग तिला बसवलं. मी म्हणजे त्या दोन दाबांनंतर जन्माला आलेला माणूस आहे!

तर तीन वर्षांपूर्वी, मोठ्या दुखण्यातून उठल्यावर, बाबा ताईकडे राहायला गेले. जाताना गाडी माझ्या गळ्यात. म्हणाले, दर रविवारी काढत जा, उभी ठेवलीस तर मरेल. मी म्हटलं, हो बाबा. हो म्हणायला काय जातंय? पहिल्याच रविवारी सकाळी फोन, गाडी काढलीस का? आता अंथरुणात पडल्या पडल्या माणूस काय सांगणार? म्हटलं, हा काय, आत्ताच चक्कर मारून आलो. झालं! एक खोटं पचलं की दुसऱ्याला भूक लागते. दर रविवारी फोन, दर रविवारी चक्कर. ते विचारायचे, मागून काही आवाज वगैरे? मी म्हणायचो, छे हो, लोण्यासारखी चालते. तीन वर्षांत मी ती गाडी पांघरुणाखालून दीडशे वेळा फिरवली असेल. एकदा तर पंक्चरसुद्धा काढून आणलं!

आणि गाडी कुठे होती? घरामागे. कपडे धुवायचं मशीन आलं ना, त्याला जागा नको? मग गाडी सरकवली मागे, नेमकी पाण्याच्या टाकीखाली. टाकी भरली की धार कुठे? गाडीच्या मागच्या भागावर. रोज. अभिषेकच म्हणा.

बुधवारी बाबांचा फोन आला. रविवारी येतोय, आता कायमचाच येतोय. धावत मागे गेलो, बादल्या, झाडू, मोडकी खुर्ची बाजूला केली, सीटवर हात ठेवला, दाबला... काही नाही. दोन्ही हातांनी दाबला... काही नाही. शेवटी फूटरेस्टवर पाय देऊन ऐंशी किलोंचा मी त्या सीटवर आदळलो, तर माझाच मणका खाली बसला, गाडी ढिम्म!

ही म्हणाली, खरं सांगून टाका ना एकदाचं. खरं? अहो, बाबांनी मला मारलंय, नापास झालो तेव्हा आठवडाभर बोलले नाहीत, सगळं केलंय, पण खोटारडा कधी म्हटलं नाही. लहानपणी शेजारच्यांची काच फुटली तेव्हा चारचौघांत म्हणाले होते, माझा मुलगा नाही म्हणतोय ना, मग नाही. आता शहात्तराव्या वर्षी त्यांना तो शब्द परत गिळायला लावू? मला ते नको होतं हो. दुसरं काहीही चाललं असतं.

म्हणून गुरुवारी सकाळी गॅरेजवाल्याला घरी आणला. त्याला सगळे मास्तर म्हणतात, कारण तो आधी शिकवतो आणि मग पाना हातात घेतो. त्याने दोन्ही शॉकअप काढले. आतून नुसता गंज. म्हणाला, हे नवे मिळतील साहेब, पण खरं दुखणं वेगळंच आहे. मागचं चाक ज्या दोन दांड्यांमध्ये धरलेलं असतं ना, त्याला म्हणतात चिमटा. तो चिमटा एका आडव्या पिनीवर वरखाली हलतो. ती पिन आत गंजून बसलेली. एकजीव! मास्तर म्हणाला, "सकाळ-संध्याकाळ तेल सोडा, हलकं टकटक करा, पाना लावून थोडं इकडे, थोडं तिकडे. पण मारू नका. मारलंत की पिनीचं टोक फुलतं, मग ती त्या भोकातून जन्मात बाहेर यायची नाही."

मी म्हटलं, कळलं.

कळलं होतंच हो! पण दिवसभर टकटक करून माणूस संध्याकाळी किती समजूतदार राहील? तेल सोड, टकटक. तेल सोड, टकटक. पाना लाव, इकडे नाही, तिकडेही नाही. आणि डोळ्यांपुढे बाबांचा तळहात. दोनदा दाबतात हो, बस्स, दोनदाच... आणि मी मारला. एकच. पण असा मारला की टोक भज्यासारखं फुललं.

शुक्रवार गेला ते टोक कानशीने घासण्यात. रजा वाढवून! साहेबांना सांगितलं, घरात आजारी आहे. आजारी कोण, ते त्यांनी विचारलं नाही. दुपारी माझा मेहुणा उगवला. "दाजी, बाजूला व्हा, लोखंडाला ऊब दिली की ते मोकळं होतं." आणि काढला की हो पिशवीतून ज्योत फेकणारा दिवा! ऊब दिली त्याने. आतलं रबर पेटलं, काळा धूर निघाला, आणि वर दोरीवर हिच्या चादरी वाळत होत्या. त्या चादरी नंतर त्या मशीनमध्ये तीनदा धुतल्या. ज्याच्यापायी हे सगळं झालं, त्याच मशीनमध्ये.

शनिवारी मास्तर आला. घासलेलं टोक बघितलं, जळकं रबर बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि न शिकवताच पाना हातात घेतला. यापेक्षा दोन मुस्काटात दिल्या असत्या तर बरं. मग पान्याला हा लांब पाईप जोडला, मला म्हणाला, नुसतं वजन टाका, झटका नको. मी पाईपवर रेललो. मेहुणा माझ्यावर रेलला. ही दारातून म्हणाली, मी पण येऊ का? आणि तेवढ्यात... कट्!

मला वाटलं, माझं कंबरडं मोडलं. मास्तर म्हणाला, "सुटली." तीनच अक्षरं, तीही शांतपणे, आणि माझ्या डोळ्यांत टचकन पाणी. सांगायला लाज वाटत नाही मला. संध्याकाळपर्यंत नवी पिन, जळक्या रबराच्या जागी नवे बुश, ग्रीस, नवे शॉकअप. मग मी सीट दाबली. काय बसली म्हणता! चाळीस वेळा दाबली असेल. ही म्हणाली, पुरे आता, तिला आज रात्रीच थकवाल.

रविवारी बाबा आले. पाणीसुद्धा न पिता थेट गाडीपाशी. मी धुऊनपुसून पुढे आणून ठेवली होती, मशीन तात्पुरतं न्हाणीघराच्या दारात. बाबांनी तळहात ठेवला. दाबला, गाडी बसली, वर आली. दुसऱ्यांदा दाबला, बसली, वर आली. मी श्वास सोडणार... तर बाबांनी तिसऱ्यांदा दाबली! उभ्या आयुष्यात पहिल्यांदा!

"ही कधी सोडवलीस रे?" बाबा म्हणाले.

"काय सोडवली?"

"मागची बाजू. मी गेलो तेव्हाच जाम होती. निघताना दाबून बघितली होती मी."

म्हणजे पहिल्या रविवारपासून त्यांना ठाऊक होतं... बाबा म्हणाले, जाण्याआधी माझ्या दुखण्यात वर्षभर गाडीकडे बघणं झालं नव्हतं, तुला सांगायची लाज वाटली, म्हणून फोन केला तो कबूल करायलाच. तर तू म्हणालास, चक्कर मारून आलो, लोण्यासारखी आहे! मग काय बोलणार? आणि हसायला लागले. ते पंक्चर तर त्यांनी ताईला स्पीकरवर ऐकवलं होतं म्हणे.

मी विचारलं, "बाबा, राग नाही आला?"

"गाडी नसती तर तू काय बोलला असतास माझ्याशी? कसे आहात, बरा आहे, ठेवतो. गाडीवर दहा-दहा मिनिटं बोलायचास. मी रविवारची वाट बघायचो."

तुम्हाला सांगतो, ती पिन सुटली तेव्हा जेवढं हलकं वाटलं, त्याच्या शंभरपट आत्ता वाटलं. तीन वर्षं छातीत काहीतरी अडकून होतं, ते असं सरकन मोकळं झालं. बाबा म्हणाले, चल, चक्कर मारू. मी ऐटीत किकवर पाय ठेवला... आणि किक जागची हलेना. इंजिन! इंजिनाकडे बघायला सवड कुणाला होती? बाबा सीट दाबतात, इंजिन थोडंच दाबतात!

बाबांनी शांतपणे स्टूल ओढलं आणि मला पाना आणायला सांगितलं. तेव्हापासून दर रविवारी सकाळी मी गाडीपाशी, बाबा स्टुलावर, आणि दोघांची तोंडं अखंड चालू. परवा ताईचा फोन आला, काय चाललंय रे? म्हटलं, अगं, इंजिन उघडून बसलोय, कोपरापर्यंत काळा झालोय. तर म्हणते कशी, "आधी अंथरुणातून ऊठ."

आता काय करता? फोन कानाला लावून जोरात पाना आपटला, तर म्हणाली, "आवाज मात्र छान काढतोस."