किशोरने निवडलेली गिटार

माझ्या लेकाच्या, किशोरच्या कर्कश गिटारला तुम्ही सगळे हसता, म्हणून आज सांगतो. नव्वदच्या दशकातली गोष्ट आहे. उधन्याच्या लूमखात्यात मागांच्या खडखडाटाने माझे कान गेले होते, पण मी ते कुणाला कबूल करत नव्हतो. किशोर ऑर्केस्ट्रात लागला. स्वस्तातली गिटार घ्यायला मला सोबत घेऊन गेला.

दुकानात तो एकेक गिटार वाजवायचा आणि तारांकडे न बघता माझ्या तोंडाकडे बघायचा. मी नुसता उभा.

दुकानदार गल्ल्यावरून ओरडला, "अरे भाई, बजाना तेरे को है के काका को?"

शेवटी किशोरने कोपऱ्यातली एक जुनी, रंग उडालेली गिटार उचलली. तिची तार वाजली तशी माझी मान आपोआप वळली.

"वो मत ले! कान फाडती है," दुकानदार पुन्हा ओरडला.

किशोरने तीच बाजूला काढली. मग माझ्या कानाशी येऊन मोठ्याने म्हणाला, "आबा, आली ना ऐकू?"

"ओरडतो कशाला? बहिरा नाही मी!" मी खेकसलो.

त्याने मान खाली घातली आणि हळूच काहीतरी बोलला. ओठ हललेले तेवढे दिसले. काय बोलला, ते मी विचारलं नाही.