अमोस व्हिटलॉकचं मत

नाही, ते नाव खोडा आधी. ‘विश्वासघात’ हा शब्दही. — ह्यांनी सांगितलं? सांगणारच, वीस वर्षं तेच सांगताहेत. मिस्टर टॅलमन, तुम्ही ह्यांचं चरित्र लिहायला आलात, तर कॉफी घ्या आणि बाकीचं खुशाल लिहा — आधी व्हिग पक्षात, मग डेमोक्रॅट, उत्तर-दक्षिणेची लढाई संपल्यावर रिपब्लिकन. ‘तत्त्वासाठी’ लिहायचंय? लिहा की. हे सकाळी मोजे बदलतात तेसुद्धा तत्त्वासाठीच. वाईट नाहीत हो — ज्याच्याजवळ बसतील त्याच्याकडे कलतात, एवढंच.

पण अमोस व्हिटलॉकने मत फिरवलं नव्हतं. पिंपं करायचा बिचारा, ह्यांचा लहानपणापासूनचा दोस्त. अठराशे छप्पनच्या निवडणुकीत हे एका मताने पडले — एका — आणि ह्यांनी ठरवूनच टाकलं, अमोसच. का, तर मत टाकताना त्याने नजर चुकवली. अहो, तो मुळातच खाली बघून चालणारा माणूस. तेव्हापासून ह्यांनी त्याच्याशी बोलणं टाकलं. यंदा मार्चमध्ये तो गेला, तर हे मातीलाही गेले नाहीत. मी गेले. मला फार रडू आलं.

मला कसं ठाऊक? बायकांना सगळं ठाऊक असतं. — नाही, अंदाज नाही. मतपत्रिका पक्षच छापतात ना, आपापल्या उमेदवाराच्या, आणि माणसं घरूनच घडी करून नेतात — तर ह्यांची घडी घालून जाकिटाच्या खिशात मीच ठेवायची, दर निवडणुकीला. चारचौघांत चष्मा लावायला ह्यांना लाज, म्हातारे दिसतो म्हणे, म्हणजे उघडून बघायचा प्रश्नच नाही. पेटीपाशी गेले, टोपी काढून सगळ्यांना मान डोलावली, टाकली. आणि त्या वर्षी ह्यांचा पक्ष म्हणत होता, पळून आलेल्या गुलामांना पकडून परत धाडा. आदल्याच हिवाळ्यात नदीपलीकडून पळून आलेली एक बाई दोन दिवस आमच्या तळघरात होती, तान्ह्या पोरीला घेऊन — ह्यांना वाटलं, खाली मांजर रडतंय. तिच्याकडे बघितल्यावर मला ह्यांच्या पक्षाचा कागद हातात धरवेना. मग मी वर्तमानपत्रातून दुसऱ्या पक्षाची मतपत्रिका कापली आणि तिची —

लिहू नका. तुम्ही लिहिताय. — मला काय माहीत, एकाच मताने पडतील म्हणून? वाटलं, शंभरांनी जिंकतील, माझं आपलं मनाचं समाधान. आम्हा बायकांना मत कुठंय. ह्यांना ह्यांच्याच मताने पाडलं आणि ह्यांनी साऱ्या गावाचा संशय घेतला, एक मी सोडून. एरवी खाली बघून चालणारा अमोस दारावरून जाताना मात्र आमच्या खिडकीकडे बघायचा, वाटायचं हाक मारावी, आणि मी पडदा ओढून घ्यायची. वीस वर्षं ओढत होते.

जिना वाजतोय, उठले वाटतं. — नको, पान फाडू नका, असू दे. तुम्ही मागच्या दाराने निघा. अमोसचं आज मी ह्यांना सांगणार आहे, आणि तेव्हा तुम्ही इथं नकोत.