खुर्चीचं कुलूप

नाही नाही, ते सील आधीपासूनच तसं होतं हो. म्हणजे — फाटलेलं नव्हतं, जरा सुटलेलं होतं, कोपऱ्यात. दमट हवेनं सुटतं की. तुम्ही बसा ना, असे खुर्चीसमोर उकिडवे काय बसलात, ती काही चावत नाही, आणि आता तर हलतसुद्धा नाही, म्हणून तर तुमच्या कंपनीला फोन केला. ते टेबलावरचे मोबाईल जरा सरकवा आणि ठेवा तुमचा लॅपटॉप. सावकाश! — तो उघडा पडलाय ना, त्याचे स्क्रू मांडून ठेवलेत मी कागदावर, एक इकडचा तिकडे झाला तर माझी दुपार गेली. हो, मोबाईल रिपेअर करते मी. बाहेर पाटी बघितली असेलच. इथेच, याच खोलीत, बारा वर्षं झाली. पण म्हणून काय घरात दिसेल ते उघडत सुटते असं नाही! या विजेवरच्या चाकांच्या खुर्चीचा आणि माझा काय संबंध? ती सासूबाईंची. मी आपली रोज फडक्यानं पुसते, बास.

बॅटरी? बॅटरीचं काय? तुमचीच आहे ती. डबा बघा ना, तुमच्या कंपनीचं नाव आहे चांगलं ठळक. बरं — डबा तुमचा आणि आतले सेल... अहो असं बघू नका माझ्याकडे, मी काय कुणाच्या घरात शिरले का? ऐका आधी. जुनी बॅटरी मेली. सासूबाई गल्लीच्या टोकापर्यंत जायच्या आणि तिथेच थांबायच्या, मग मी हातातलं काम टाकून ढकलत आणायची. कंपनीला फोन केला. तिकडे ती गोड आवाजाची मुलगी — तिचा काही दोष नाही हो, तिच्यापुढे कागद असतो, ती वाचते — ती म्हणाली, बॅटरी आमच्याकडूनच घ्यावी लागेल, आणि चौदा आठवडे लागतील. चौदा! म्हटलं, बाई गं, अहो त्यांचं वय एकोणऐंशी आहे, चौदा आठवडे कुणाला सांगता? तर म्हणते, आपल्या गैरसोयीबद्दल क्षमस्व. आणि तेच सेल, त्याच मापाचे, तेवढ्याच ताकदीचे, माझ्या नेहमीच्या माणसाकडे दुसऱ्या दिवशी मिळाले. मग काय करायचं? हातावर हात ठेवून बसायचं? मी दिवसभर लोकांच्या बॅटऱ्या बदलते आणि घरची म्हातारी बॅटरीवाचून बसून राहते, शोभतं का ते? केलं मी. उघडली. हो, उघडली, लिहा तिकडे. पण बॅटरीचाच डबा फक्त. बाकी कशाला हात लावला नाही.

कुठलं बटण? ते वेगाचं? ते फिरतं की. जास्त फिरतं? असेल, आता चार वर्षं वापरलेली खुर्ची, सैल होणारच. खुंट? कुठला खुंट? — अच्छा, तो आत प्लॅस्टिकचा एक खुंट असतो, बटण सहाच्या पुढे जाऊ नये म्हणून, तो. तो... तो पडला असेल. अहो पडतात गोष्टी! कानस मारल्यासारखा दिसतो? तुमची नजर चांगली आहे हो दादा. रिपेअरमध्ये यायला हवं होतं तुम्ही.

बरं आता हसलात ना, मग सांगूनच टाकते, लपवण्यासारखं काय आहे त्यात. ते पोस्टमास्तरांमुळे झालं. आमच्या चौकात वाचनालय आहे, आठला उघडतं. तिथं शब्दकोड्याचं वर्तमानपत्र एकच येतं. आणि त्याचे दोन दावेदार — एक आमच्या सासूबाई आणि एक रिटायर झालेले पोस्टमास्तर. ते पायी येतात, पण काय चालतात! काठी नाही काही नाही, टकाटका. ते आधी पोचले की कोडं पेन्सिलीनं सोडवतात, नीट, खोडून खोडून, साडेनऊपर्यंत. या आधी पोचल्या की पेननं! चुकलं तरी पेननं, आणि चुकलं असं कबूल करायचं नाही, वर म्हणायचं की कोडं घालणाऱ्याचं चुकलंय. दोघांची अशी जुंपते म्हणे की वाचनालयाच्या बाई खिडकीतून रस्त्याकडे बघत बसतात, आज कोण आधी येतंय. तर एक दिवस सासूबाई घरी आल्या त्या धुमसतच. म्हणाल्या, तुझ्या त्या पोस्टमास्तरानं मला फाटकाजवळ गाठलं आणि पुढे गेला, चालत! — माझा पोस्टमास्तर, बरं का, मी त्या माणसाला ओळखतसुद्धा नाही. मग रात्रभर — छे, रात्रभर कुठलं, जेवतानाच — मला म्हणाल्या, तू एवढी लोकांच्या यंत्रांची डॉक्टरीण, माझ्या खुर्चीला जरा दम देता येत नाही का तुला? आणि एकदा मनावर आलं की त्या सोडतात होय? दोन दिवस टोमणे. भाजी चिरताना टोमणे, कपडे वाळत घालताना टोमणे. तेव्हा कुठे कानस काढली मी.

नऊ. ताशी नऊ. खोटं वाटतं? तुमच्या लॅपटॉपमध्ये दिसेल की, खुर्चीच्या पोटात सगळं लिहिलेलं असतं ना, कधी कुठे किती पळाली? बघा, बघा. वाचनालयाच्या उतारावर तर दहासुद्धा लागला असेल. धोक्याचं कसं? हेल्मेट घालतात त्या. माझ्या नवऱ्याचं जुनं. स्वतःहून घालतात, मी नाही सांगितलं — पोस्टमास्तरांना दिसावं म्हणून घालतात, दुसरं काय.

हां, कोड टाकावा लागतो का ते बघायला? टाका ना. हात कशाला झाकताय? अहो मी काय चोर आहे? चार तर आकडे. बरं झाका, झाका, बँकेच्या मशिनपुढे उभे असल्यासारखे झाका. मी बघा भिंतीकडे तोंड करते. — मला एक सांगा, राग मानू नका, तुम्ही पगारी माणूस, तुमच्याशी भांडून काय मिळणार. पण ही खुर्ची आम्ही विकत घेतली ना? भाड्यानं नाही, उसनी नाही, विकत. पावती आहे. मग चाकं आमची, सीट आमची, फाटलेली उशी तर शंभर टक्के आमची, आणि कुलूप तेवढं तुमचं? हे कुठलं विकणं? आता हे फोन बघा टेबलावर. हा निळा — स्क्रीन बदलला मी, अस्सल स्क्रीन, याच कंपनीच्या दुसऱ्या फोनमधला काढलेला, तरी चालू केला की म्हणतो, अनोळखी भाग आढळला. अरे, तुझाच भाऊ तो! त्याला ओळखत नाहीस होय? गिऱ्हाईक घाबरतं, मला म्हणतं ताई तुम्ही डुप्लिकेट घातलंत. बारा वर्षांचं नाव माझं, आणि एक फोन मला खोटं पाडतो. चीड येते हो. मी घरी कुकरची रिंग बदलते तेव्हा कुकर विचारतो का, ही कुणाच्या परवानगीनं घातलीस म्हणून?

काय दिसलं? नऊ पूर्णांक चार! बघा, म्हटलं नव्हतं? आता लिहिणार तुम्ही ते. काय लिहिणार? 'ग्राहकाने अनधिकृत फेरफार केला'. मग? मग तुमच्या कंपनीचा कुणीच कधी हिला हात लावणार नाही. कायमची बंद. आणि नवी घ्या म्हणणार. नवी! हिला झालंय काय? मोटर ठणठणीत, चाकं ठणठणीत, बॅटरी तर तुमच्यापेक्षा चांगली घातलीये मी. फक्त तुमच्या लॅपटॉपमधून एक बटण दाबायचं, 'बॅटरी मान्य' म्हणून. एक. तेवढ्यासाठी बोलावलं तुम्हाला. दाबता येत नाही? कंपनीचा नियम. वरून बघतात, मान्य केलं की तुमच्या नावावर पडतं. हं. नोकरी आहे, मला कळतं. तुम्हाला घरी पोरंबाळं असतील.

नाही, गेले तीन आठवडे नाही... म्हणजे बॅटरी घातल्यावर तीन आठवडे उत्तम चालली. मग कशी काय बंद पडली — पडली. कंपनीनं पाडली. मी सासूबाईंना तेच सांगितलं, की आई, त्या कंपनीवाल्यांनी लांबून कुलूप घातलं तुमच्या खुर्चीला, डँबिस आहेत. आणि ते खरंच आहे, नाही का? कुलूप तुम्हीच घातलंत. फक्त... किल्ली कुणी फिरवली ते मी नाही सांगितलं. जाऊ दे. चहा टाकू का?

नाही, त्यात काही विशेष नाही हो. त्या दिवशी हातात काम होतं, डोळ्याला भिंग लावलेलं, आणि सासूबाई खुर्चीत बसल्या, निघायच्या घाईत, हेल्मेट घालून. फोनवर त्यांच्या त्या खुर्चीच्या ॲपमध्ये काहीतरी आलं. म्हणाल्या, अगं, ही खुर्ची काहीतरी विचारतीये, अपडेट करू का म्हणते, काय सांगू हिला? आणि मी — वर बघितलंसुद्धा नाही मी. दिवसातून वीस गिऱ्हाइकांना सांगते ना, अपडेट करत जा, अपडेट करत जा, तोंडातच बसलंय ते. म्हटलं, हो म्हणा आई, हो म्हणा. त्यांनी हो म्हटलं. तिथल्या तिथे खुर्चीनं परकी बॅटरी ओळखली आणि लाल दिवा लागला. दारात. अर्धं चाक उंबऱ्याबाहेर. जिनं तीन आठवडे कंपनीला पत्ता लागू दिला नाही, तिनंच तोंडानं दार उघडून दिलं. मीच. दुसरं कुणी असतं तर म्हटलं असतं, त्याला काय कळतं. मला कळतं हो! माझा धंदा आहे हा!

हळू बोला, आत ऐकू जाईल. नाही, झोपल्या नाहीत. बसल्यात खिडकीशी. अकरा दिवस झाले. उचलून खिडकीशी ठेवते आणि उचलून परत आणते. हातानं ढकलायची खुर्ची आणली होती मागून, त्यात बसायला तयार नाहीत, म्हणाल्या, मला कुणी ढकललेलं नको. पोस्टमास्तर परवा स्वतः येऊन गेले, वर्तमानपत्र घेऊन. कोडं कोरं ठेवलं होतं हो त्यांनी. एक घर भरलं नव्हतं. म्हणाले, बाईंना द्या, पेनसुद्धा माझं देतो. मी नेऊन मांडीवर ठेवलं. संध्याकाळी तसंच होतं.

खरं सांगू? मला वाटलं होतं बरं होईल. दोन दिवस घरात राहतील, जरा शांतता. खोटं कशाला बोलू, त्या सकाळी बाहेर गेल्या की मला हायसं वाटायचं, दोन तास कुणी बोलणारं नाही. आता अकरा दिवस कुणी बोलणारंच नाही. काल माझ्या हातून भाजीत मीठ दोनदा पडलं. दोनदा! मी ताट पुढे ठेवलं आणि थांबले तिथेच, म्हटलं आता येईल, आता येईल टोमणा — मी तयार होते हो, मला हवा होता. त्यांनी खाल्ली ती भाजी. म्हणाल्या, छान झालीये. एकवीस वर्षांत पहिल्यांदा मला छान म्हणाल्या त्या, आणि मी मोरीत जाऊन रडले. भीती वाटते मला. एवढी गोड झालेली म्हातारी मला नको आहे. मला ती दुसरी परत द्या.

जाऊ द्या. तुमचा वेळ घेतला मी. आणा तो फॉर्म.

काय झालं? परत का चालू करताय? माहिती घेतलीत ना मघाशी? बंद झालं? कसं बंद झालं, आत्ता तर चालू दिसत होतं, तुम्हीच बंद केलंत की, मी बघितलं. परत कोड टाकावा लागेल? टाका. मी वळते भिंतीकडे — काय? नको वळू? अहो, हात झाकायचा राहिला तुमचा. आणि स्क्रीन इकडे कशाला फिरवताय? ऊन येतंय तिकडून? या खिडकीत दुपारी ऊन येतच ना...

...

एका बोटानं टाइप करता होय तुम्ही. मघाशी तर चांगले दहा बोटांनी. सावकाश करा. घाई नाही.

हं.

मी काही बघितलं नाही दादा. उद्या वरून कुणी विचारलंच, तर सांगा, त्या बाईनं चोरून बघितलं असेल, मोबाईलवाल्या बायका वस्ताद असतात. आणा फॉर्म. काय लिहिलंत — 'खुर्ची बंद अवस्थेत आढळली, दुरुस्ती केली नाही'. बरोबर आहे. अगदी खरं आहे, तुम्ही कुठे काय केलंत? ही घ्या सही. चहा? नाही हो, आता चहा नाही, चहाला पुन्हा कधीतरी या, आता निघा तुम्ही. खुर्चीला लावलेली लॅपटॉपची वायर राहिली. राहिली तर राहू दे म्हणता? बरं, राहू दे. आणि माझ्याकडे जुना एक लॅपटॉप पडलाय, तुमचा प्रोग्राम नेटवर मिळतो, अडतो तो फक्त कोडाशी, ते मी काही तुम्हाला सांगितलेलं नाही. वेगाचंही काही विचारत नाही मी, ते कुठल्या पानावर असतं तेही नाही, माझं मी शोधीन. निघा म्हणते ना! — अहो, ओढून नका घेऊ. दार तसंच राहू द्या. सताड उघडं.