बापाचा धंदा नावाडी

जुन्या दप्तरांच्या कार्यालयात, रांगेत माझ्यापुढे एक मुलगी आणि तिचे काका उभे होते.

“पणजोबांचा एकही कागद नाही, हे तुम्हाला खटकत नाही का, काका?”

“आगीत जळाले सगळे. जुनी मढी उकरून तुला काय मिळणार आहे?”

“कागद नाहीत म्हणून मी त्या काळाचीच माहिती काढली. पणजोबा गालिचे विणायचे ना?”

“झकास विणायचे.”

“शिकले कुठे?”

“वडिलांकडे.”

“त्यांचे वडील नावाडी होते. तुम्हीच सांगितलंत.”

“मग शिकले असतील कुणाकडे तरी. हळू बोल, मागचा माणूस कान टवकारून उभा आहे.”

“तेव्हा अख्ख्या गावात गालिच्यांचे माग एकाच ठिकाणी होते. तुरुंगात.”

“मग ते तिथे पहारेकरी असतील.”

“पहारेकरी माग चालवत नाहीत, काका. मी कैद्यांचं रजिस्टर मागवलंय. आणि तुम्ही आज रजा टाकून माझ्याबरोबर का आलात?”

“सोबत म्हणून. कैद्यांच्या नावांत आपलं आडनाव नाही.”

“इतक्या खात्रीनं सांगताय?”

“वीस वर्षांपूर्वी याच खिडकीवर मी ते रजिस्टर पाहिलंय. बापाचा धंदा नावाडी, असा कैदी त्यात एकच आहे. त्याचं आडनाव वेगळं आहे.”

“म्हणजे आपलं आडनाव त्यांनी सुटल्यावर घेतलं?”

“हो.”

“कुणाचं घेतलं?”

“त्यांच्या नावापुढचा रकाना वाच. खून कुणाचा केला, ते तिथे लिहिलंय.”