विहिरीकडचा वाफा

मंडळी, ऐका! आज आधी एक प्रश्न — आपलं घर कुठं संपतं? उंबऱ्यापाशी? अंगणापाशी? काका, नुसती मान डोलवू नका, उत्तर द्या! नाही येत? मग चला पिंपळदऱ्याला, हौसाबाईच्या शेतात.

हौसाबाईचा अर्धा एकर कोबी. नवरा तुळशीराम — माणूस सोन्यासारखा, फक्त भारी उतावळा! सप्त्याच्या बैठकीत विषय निघाला, काल्याच्या पंगतीला भाजी कोण देणार? सगळे लागले छताकडं बघायला! हौसाबाई उठली. "साऱ्या गावाला पुरेल एवढा कोबी माझा!" आणि काल्याला आठ दिवस उरले असताना कोबीवर अळी पडली. हिरवीगार! पानांची नुसती चाळण! देवाच्या दारात शब्द दिला होता तिनं!

तुळशीराम म्हणाला, "जहाल औषध आणलंय. आज मारतो, उद्या अळी खलास!"

"अहो, डब्यावर लिहिलंय, फवारल्यावर पंधरा दिवस तोडायचं नाही. पंगत आठ दिवसांवर आहे!"

"मग आपण त्या दिवशी विहिरीकडच्या वाफ्यातला खाऊ."

आता विहिरीकडचा वाफा म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला हवं? हसू नका! मधे बांध. बांधाच्या अलीकडं चार ओळी घरच्यासाठी, तिथं औषधाचा थेंब नाही. पलीकडं बाजाराचा माल, तिथं सगळं चालतं!

हौसाबाई म्हणाली, "आणि पंगतीला बसतील ती माणसं?"

"ती काय घरची आहेत का?"

बोलून गेला बिचारा! हौसाबाईनं पदर खोचला आणि गाठलं कृषी सहायक मंदाताईंना.

मंदाताई म्हणाल्या, "मातीत एक सूक्ष्म जीव असतो. त्याची ही भुकटी. पाण्यात कालवून पानांवर फवारायची. अळीनं ते पान खाल्लं की तिची आतडीच निकामी. माणसाच्या पोटात त्याचं काही चालत नाही. उन्हात टिकत नाही, म्हणून संध्याकाळी मारा. आणि मावशी, दम धरा!"

बघा मंडळी! देवानं रखवालदार पायाखालीच ठेवलाय, आणि आपण दुकानाच्या पायऱ्या झिजवतोय!

संध्याकाळी फवारणी झाली. सकाळी बघतात तर काय — अळ्या जिवंत! पानावर ऐटीत बसलेल्या!

"झालं! भुकटी खाऊन गुटगुटीत झाल्या!" तुळशीरामनं जहाल औषधाचा पंप भरला, पाठीला लावला. पण हौसाबाई आडवी आली. "संध्याकाळपर्यंत थांबा. माझ्यासाठी थांबा!"

आणि तिनं काय केलं? घरातून कुंकवाचा करंडा आणला! पाण्यात बोट बुडवून पहिल्या ओळीतल्या प्रत्येक भोकाच्या कडेनं कुंकू लावत सुटली.

"अगं, अळीची ओटी भरतेस का?" तुळशीराम ओरडला. हसा, हसा! तोही हसला असता, पण पाठीवर पंप होता!

दिवस कलला. दोघं वाकली. अळ्या होत्या. पण कुंकवाची कड जशीच्या तशी! एकही भोक तांबड्या रेघेपुढं सरकलं नव्हतं. अळी जिवंत होती, पण तिचं खाणं संपलं होतं! तुळशीरामनं पंप उतरवला. तिसऱ्या दिवशी अळ्या काळ्या पडून गळाल्या.

काल्याला वरची भोकाची पानं काढून, धुऊन कोबी शिजला. वाढायला खुद्द तुळशीराम! एक पाहुणा म्हणाला, "अहो, पानाला भोक राहिलंय!"

"राहू द्या की! घरच्या भाजीला असतंच."

घरच्या म्हणाला बरं का! हौसाबाईच्या हातातली पळी तशीच थांबली, डोळे भरून आले. दुसऱ्या दिवशी तुळशीराम कुदळ घेऊन गेला आणि विहिरीकडच्या वाफ्याचा बांध मोडून आला.

तर मंडळी, घर कुठं संपतं? आपण बांध घालतो तिथं! मघाशी तुम्ही प्रेमानं मला पिशवीभर वांगी दिलीत. कशी चकचकीत! एकालाही भोक नाही! ती कुठल्या वाफ्यातली, हे मी विचारणार नाही. पण खाली का बघताय?

चला, वर बघा, टाळ उचला, विठ्ठलाचं नाव घ्या. आणि उद्या सकाळी कुदळ!